आटोपशीर शहर पसरवण्याची शास्त्रशुद्ध रीत

आपण नगरसेवक झालात, नगराध्यक्ष झालात किंवा नुसतेच शहरावर प्रेम करणारे नागरिक राहिलात, तरी एक वाक्य आता आपल्याला टाळता येणार नाही. शहराचा मध्यभाग आटोपशीर, पायी फिरण्याजोगा आणि शाश्वत असावा, असे म्हणण्याची रीत पडली आहे. प्रत्येक आराखड्याच्या प्रस्तावनेत हे वाक्य असते, प्रत्येक जाहीरनाम्यातही असते, आणि ते तसेच राहू द्यावे, कारण त्याने आजवर कोणाचे काही बिघडलेले नाही. लहान शहरांत या उद्दिष्टाची अडचण वेगळीच असते. ते बहुधा दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच गाठून झालेले असते. जे होऊन बसले आहे त्याचे भूमिपूजन करता येत नाही, त्याची निविदा निघत नाही आणि त्याच्या कोनशिलेवर नाव घालायला जागा मिळत नाही. म्हणून आटोपशीर शहर घडवण्यापूर्वी असलेले आटोपशीर शहर शिस्तीत मोडून घ्यावे लागते. काम दिसते तितके अवघड नाही, कारण आवश्यक ते कायदे, नियम आणि सवयी आपल्याकडे तयार आहेत. त्या योग्य क्रमाने वापरण्याचे तेवढे कसब हवे.

उदाहरणासाठी सातारा घेऊ. वाई, कऱ्हाड, फलटण किंवा बार्शीच्या वाचकांनी आपापल्या पेठांची नावे घालून वाचावे, मजकुरात फारसा फरक करावा लागणार नाही. थोरल्या शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हे शहर वसवले, तेव्हा त्यांच्या पदरी सल्लागार कंपनी नव्हती, त्यामुळे काही ढोबळ चुका राहून गेल्या. सोमवारपासून रविवारपर्यंत वारांच्या पेठा पडल्या, शिवाय यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, प्रतापगंज झाल्या, आणि प्रत्येक पेठेत देऊळ, पाण्याची सोय, किराणा, शाळा, न्हावी आणि शिंपी हे सगळे हाकेच्या अंतरावर येऊन बसले. पोवई नाक्यावरून राजपथाने निघालेला माणूस रमतगमत अर्ध्या-पाऊण तासात मोती चौक ओलांडून राजवाड्यापाशी पोहोचतो, आणि वाटेत त्याची बँक, औषधे, कापड आणि कंदी पेढे अशी चार कामे उरकतात. कास तलावाचे पाणी उताराच्या जोरावर शहराकडे येते. अशा शहरात नियोजनकाराने करायचे तरी काय, या विवंचनेत आपण पडू नये. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती. एवढ्याशा वस्तीलाही मोठ्या शहराचे सर्व त्रास उपलब्ध करून देता येतात, हे पुढील विवेचनावरून पटेल.

सुरुवात एका घरापासून करावी. मोती चौकाच्या आसपासच्या एखाद्या गल्लीत उभे राहून जुने घर नीट न्याहाळावे. खाली आठ बाय बारा फुटांचा गाळा, त्याला सकाळी एकेक करून काढायच्या लाकडी फळ्या, पुढे गिऱ्हाइकाने टेकावे म्हणून दगडी ओटा. गाळ्यामागे भट्टी, भट्टीमागे न्हाणी आणि आड, आणि वर माडीवर तेच कुटुंब राहते. मालकाला कामावर जायला बारा पायऱ्या उतराव्या लागतात आणि पेट्रोल लागत नाही. माडीच्या खिडकीत बसलेल्या आजींना कोणाचे पोर शाळा सोडून कोणत्या कट्ट्यावर बसले आहे हे कळते, त्यामुळे गल्लीला कॅमेरे लागत नाहीत. संध्याकाळी दुकान बंद झाले तरी वर दिवा असतो, म्हणून रस्ता ओसाड पडत नाही. हे सारे वाचून आपल्याला ते चांगले वाटण्याचा संभव आहे. सावध राहावे. हे बांधकाम समोर अंतर सोडत नाही, बाजूला सोडत नाही, दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून उभे आहे, आणि त्यात वाहनतळ नाही. हेच घर आज बांधायला काढले, तर नकाशा टेबलावरून सहजासहजी पुढे सरकणार नाही. म्हणजे ज्या गुणांसाठी आपण अहवालात आटोपशीर शहराची महती गातो, नेमके तेच गुण परवानगीच्या अर्जात दोष म्हणून नोंदले जातात, आणि ही सोय आपल्या हातात आयतीच आलेली आहे.

तिचा पहिला उपयोग पार्किंगच्या नियमातून करावा. डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतेक शहरांना एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात एका मोटारीच्या जागेचे माप अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, धरले आहे. वर सांगितलेला गाळा नऊ चौरस मीटरही भरत नाही. ज्या गाळ्यावर एका कुटुंबाच्या तीन पिढ्या जगल्या, त्याच्या जवळजवळ दीडपट जागा एका उभ्या मोटारीला लागते, हा हिशेब पेठेतल्या माणसाला नकाशा पास करून घेतानाच कळतो, तोवर त्याने वाडा उतरवलेला असतो. मग खालचा मजला मोकळा सोडून खांबांवर इमारत उभी राहते. जिथे फळ्या आणि ओटा होता तिथे लोखंडी जाळी येते, जाळीच्या आत दुचाक्या, एक बंद पडलेली मोटार आणि पाण्याच्या टाकीचे झाकण दिसते. गिऱ्हाइकाने थांबण्यासारखे तिथे काही उरत नाही आणि आजी चौथ्या मजल्यावर गेलेल्या असतात. एका ओळीतली पाच-सहा घरे अशी झाली की ती गल्ली पायी चालण्याजोगी राहिली नाही असा अभिप्राय देता येतो, आणि तो अभिप्राय खराही असतो.

छोट्या जागेवर पार्किंग बसतच नसेल तर फारच उत्तम. मग शेजारची तीन-चार घरे एकत्र करणाऱ्या विकासकाची वाट पाहण्यावाचून मालकाला गत्यंतर राहत नाही, आणि वाट पाहण्याच्या काळात कोणी कौलेही शाकारत नाही.

गल्लीच्या रुंदीकडेही दुर्लक्ष करू नये. दाट वस्तीत साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्ली साडेचार मीटरचीच आहे असे समजून, मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर जागा सोडूनच नवे बांधकाम करावे लागते. आग लागली तर बंब शिरावा, हा हेतू निर्दोष आहे आणि त्याबद्दल वाद घालू नये. गंमत अंमलबजावणीत आहे. ज्याने आधी घर पाडले तो मागे सरकतो, शेजारचा वीस वर्षांनी सरकतो, त्याच्या पलीकडच्याचा दावा चालू असल्याने तो सरकतच नाही, आणि गल्लीची कड करवतीच्या दात्यांसारखी होते. बंब पहिल्या दात्यापाशीच अडतो. सोडलेल्या जागेचे काय होते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही: तिथे मोटार लागते. अशा रीतीने रस्तारुंदीच्या नावाखाली खासगी जागेचे सार्वजनिक जागेत आणि सार्वजनिक जागेचे पुन्हा खासगी जागेत रूपांतर होते, फक्त मालक बदलतो.

जे वाडे कोणी पाडत नाही त्यांच्यासाठी वेगळी तजवीज आहे आणि ती आपल्याला करावी लागत नाही, भाडे नियंत्रणाच्या कायद्याने कधीच करून ठेवली आहे. १९४७ च्या कायद्याने प्रमाणित भाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० चे भाडे आधार धरले. १९९९ च्या कायद्याने मालकावर कृपा करून वर्षाला ४ टक्के वाढ मंजूर केली. ज्या खोलीचे भाडे ४० रुपये आहे, तिथे ही वाढ पहिल्या वर्षी १ रुपया ६० पैसे होते. त्यात मालकाने कौले बदलावीत, वाशांना वाळवीचे औषध मारावे आणि भाडेकरूशी सलोख्याने राहावे अशी अपेक्षा आहे. मालक दुरुस्ती करत नाही, कारण परवडत नाही. भाडेकरू करत नाही, कारण घर त्याचे नाही. आणि पालिका दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दोघांनाही धोकादायक इमारतीची नोटीस देते, कारण तिला तेवढेच करता येते. या व्यवस्थेत कोणीच खलनायक नाही, म्हणूनच ती इतकी टिकाऊ आहे. एखाद्या जुलैत भिंत पडते. त्यानंतर पेठेतल्या जुन्या घरात राहणे किती धोक्याचे आहे हे सर्वांना पटते आणि मुलगा वडिलांना महामार्गाकडेच्या फ्लॅटवर घेऊन जातो.

आता मध्यभागातल्या मोकळ्या जागांविषयी. त्या शक्यतो आराखड्यात आरक्षित करून ठेवाव्यात: वाहनतळ, भाजी मंडई, उद्यान, जे रिकाम्या रकान्यात बसेल ते. आरक्षण टाकायला पैसे लागत नाहीत, भूसंपादनाला लागतात. म्हणून पहिले करावे आणि दुसरे करू नये. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातील कलम १२७ प्रमाणे आराखडा अंतिम झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. म्हणजे बारा वर्षे त्या जागेवर घर नाही, दुकान नाही आणि बागही नाही. एक तप पुरे होताच मालक मोकळा होतो, पालिका हळहळते आणि पेठेतली मुले खेळायला कुठे जातात हा प्रश्न पुढच्या आराखड्यासाठी शिल्लक राहतो. मालक समजूतदार निघाला, तर त्याला रोख रकमेऐवजी टीडीआर, म्हणजे तेवढे बांधकाम दुसऱ्या जागेवर करण्याचा हस्तांतरणीय हक्क, द्यावा. हा हक्क किती वापरता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरते आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो बहुधा निरुपयोगी असतो, त्यामुळे पेठेत गमावलेली जागा पेठेच्या बाहेर उंच होऊन उगवते. गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेला आहे, हे आता आपल्या ध्यानात आले असेलच.

ती दिशा महामार्गाची. पुणे-बेंगळूरु रस्त्यालगत, वाढे फाट्यापासून बॉम्बे रेस्टॉरंट चौकाच्या पुढेपर्यंत, ज्या पाट्या दिसतात त्या नियोजनशास्त्राचे खरे पाठ्यपुस्तक आहेत. ‘हायवे टच एन.ए. प्लॉट’ आणि ‘स्टँडपासून पाच मिनिटांवर’ या दोन ओळींत संपूर्ण विकास आराखडा सामावतो. ही पाच मिनिटे कोणत्या वाहनाने, रात्री किती वाजता आणि कोणाच्या ड्रायव्हिंगवर मोजली, हे विचारणे असभ्यपणाचे आहे. विकास आराखड्याच्या नकाशावर शेती हिरवी आणि निवासी विभाग पिवळा असतो. हिरव्याचा पिवळा होणे यालाच बोलीभाषेत प्रगती म्हणतात आणि ती होणार हे ज्यांना आधी कळते त्यांना दूरदृष्टीचे लोक म्हणतात. ज्यांना पिवळ्यापर्यंत थांबायला वेळ नाही, त्यांनी थेट गुंठ्यागुंठ्याने जमीन घ्यावी. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. यावरून तारीख ही पुढे सरकणारी वस्तू आहे एवढा बोध कोणालाही घेता येतो. नियमाने चालणारा पेठेतला माणूस तोवर सामासिक अंतराचा, म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचा, तिसरा नकाशा काढून घेत असतो.

बाहेर घरे झाली की रस्ता, नळ, दिवा, गटार आणि घंटागाडी यांची मागणी यथावकाश येते. तिला घाबरू नये. पेठेत एका गल्लीत टाकलेली शंभर मीटर जलवाहिनी ज्या संख्येच्या घरांना पुरते, तेवढ्या घरांसाठी बाहेर एक किलोमीटर खोदावी लागते, म्हणजे कामाचा आकार दसपट होतो आणि काम हाच तर विकास. साताऱ्याची हद्दवाढ अनेक दशके रेंगाळून सप्टेंबर २०२० मध्ये झाली आणि शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर हे भाग पालिकेत आले. आधी वस्ती, मग हद्द, मग आराखडा, मग नळ हा क्रम महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. उलटा क्रम पुस्तकांत आढळतो. उतारावरून आलेले कासचे पाणी मग कुठे कुठे विजेच्या मोटारीने वर चढवावे लागते, पण शाश्वततेच्या प्रकरणात आपण सौर दिव्यांचा उल्लेख करणारच आहोत.

यानंतर कचेऱ्यांचा विचार करावा. मध्यभागात एखादे सरकारी कार्यालय अजून चिकटून राहिले असेल तर त्याच्यासाठी बाहेर भव्य इमारत बांधावी. सातबाऱ्यासाठी आलेला खेडेगावचा माणूस एसटीतून उतरून कचेरीत जातो, तिथून निघून खण आळीत कापड घेतो, मिसळ खातो आणि चारच्या गाडीने परततो; या एका माणसाच्या येण्यावर पेठेतली पाच दुकाने चालतात. कचेरी बाहेर नेली की तो स्टँडवरून रिक्षाने तिकडे जाऊन साहेब मीटिंगला गेल्याचे ऐकून रिक्षाने परत येतो. कापडाचे पैसे रिक्षाला जातात. काही काळाने मध्यवर्ती बाजारपेठ का ओस पडली याचा अभ्यास करायला समिती नेमता येते, आणि तिची बैठक अर्थातच नव्या इमारतीत होते, कारण तिथे पार्किंग आहे.

एवढे सगळे लोक बाहेर राहायला गेले आणि दिवसातून दोनदा मोटारीने आत-बाहेर करू लागले की वाहतुकीची कोंडी होते. आपल्या मेहनतीला आलेले हे फळ. इथे खर्चात काटकसर करू नये. पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटर जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला, त्यामुळे लाख-सव्वा लाख वस्तीच्या शहरालाही जमिनीखालून जाता येते हे सिद्ध झालेले आहे. मोटार खालून गेल्यावर वरती पादचाऱ्याला मोकळे मैदान मिळेल असे कोणाला वाटले असेल, तर त्याने एकदा शाळा सुटायच्या वेळी तिथे म्हातारीचा हात धरून रस्ता ओलांडून पाहावा. पदपथ बांधावेतच, पण त्यांची उंची अशी ठेवावी की गुडघेदुखीच्या माणसाला चढता येऊ नये आणि मोटारसायकलला चढता यावे. मधोमध विजेची डीपी, जाहिरातीचा खांब आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक यांना प्राधान्य द्यावे.

पदपथावर अजूनही कोणी चालत असेल, तर तो बहुधा भाजी घ्यायला आलेला असतो, म्हणून फेरीवाल्यांचा बंदोबस्त करावा. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने त्यांचे सर्वेक्षण करायला, त्यांच्यासाठी जागा ठरवायला आणि नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी त्यांचेच घ्यायला सांगितले आहे. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत अशीही तरतूद आहे, म्हणजे आपल्या हिशेबात तीन हजार. कायद्याचा मान राखून समिती स्थापन करावी आणि बैठकीची तारीख कळवण्याचे राहून जावे. मग साहेबांचा दौरा असेल त्या सकाळी गाडे उचलावेत आणि दौरा संपला की दुपारी सोडावेत. मेथीच्या दोन जुड्या घेण्यासाठी महामार्गावरच्या मॉलमध्ये मोटार काढून जाणारे कुटुंब तयार व्हायला यापरता सोपा उपाय नाही.

राहता राहिली शाश्वतता, आणि हा भाग सर्वांत सोपा असल्याने थोडक्यात सांगतो. किल्ल्यावरून उतरणारे ओढे स्लॅबने झाकून टाकावेत, आणि झाकलेल्या ओढ्याच्या भिंतीवर वसुंधरेचे चित्र काढून घ्यावे. पेव्हर ब्लॉक सर्वत्र बसवावेत, वडाच्या बुंध्याभोवतीही. सायकल मार्गाला हिरवा रंग द्यावा. तो पार्किंगची रेषा म्हणून उत्तम दिसतो. ‘आय लव्ह’ आणि पुढे शहराचे नाव असलेली प्रकाशमान अक्षरे चौकात उभारावीत, म्हणजे लोकांना प्रेम करायला एक निश्चित जागा मिळते.

शेवटी सुनावणी. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती आणि सूचना देण्यासाठी ३० दिवस असतात. नकाशा सभागृहाच्या भिंतीवर, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या मागे, अशा उंचीवर लावावा की पिवळा आणि हिरवा तेवढा दिसावा व गट क्रमांक दिसू नये. बहुतेक हरकती आपापल्या प्लॉटवरून जाणारा रस्ता शेजाऱ्याच्या प्लॉटवरून न्यावा अशाच असतात आणि त्यांची समजूत घालता येते. अडचण होते ती पेठेतून आलेल्या एखाद्या आजींची. त्या पिशवीतून घरपट्टीची पावती आणि मागच्या जूनमधली नोटीस काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, “अहो साहेब, माझं घर पडायला आलंय. होतं तसंच, खाली दुकान नि वर राहायला, परत बांधू द्याल का? मला दुसरं काही नको.” अशा वेळी नियमावलीचे पान शोधत बसू नये. “आजी, आपली हरकत नोंदवून घेतली आहे,” असे नम्रपणे सांगून पुढच्याचे नाव पुकारावे. मात्र त्याच दिवशी सल्लागाराच्या माणसाला पाठवून त्यांच्या घराचा, फळ्या आणि ओटा नीट दिसतील असा, एक फोटो काढून ठेवावा. आटोपशीर शहराच्या अहवालाला मुखपृष्ठावर तसलाच फोटो लागतो, आणि नोटिशीची मुदत जवळ आलेली असल्याने हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नये.